थेट गुणफलकाचा संकेतार्थ : टेनिसमधील एका लेखनपद्धतीची चिकित्सा

१

टेनिसचा सामना प्रत्यक्ष न पाहता केवळ गुणफलकावरून त्याचा मागोवा घेणारा एक मोठा वर्ग आज अस्तित्वात आहे. कार्यालयात, आगगाडीत किंवा अभ्यासिकेत बसून ही मंडळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील दोन नावे व त्यांच्यापुढील काही आकडे न्याहाळीत असतात. त्यांतील एखादा आकडा बदलला की तेवढ्यावरून आनंदित होतात अथवा खिन्न होतात. त्रयस्थाला हा प्रकार चमत्कारिक वाटावा हे स्वाभाविक आहे. चेंडू दिसत नाही, फटका दिसत नाही, खेळाडूचा चेहराही दिसत नाही. मग ही माणसे पाहतात तरी काय? ह्याचे सरळ उत्तर असे की, ती वाचत असतात. थेट गुणफलक हा एक लेख आहे. त्याला स्वतःची लिपी आहे, स्वतःचे व्याकरण आहे, आणि ते व्याकरण जाणणारा वाचक व न जाणणारा वाचक ह्यांच्या आकलनात फार मोठे अंतर पडते.

प्रस्तुत लेखात ह्या लेखनपद्धतीची चिकित्सा करावयाची आहे. गुणफलक किती अचूक अथवा किती जलद असतो हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे. तो येथे गौण मानला आहे. तो काय सांगतो, काय सांगत नाही, आणि जे सांगतो ते सामना संपल्यावर छापल्या जाणाऱ्या निकालापेक्षा कोणत्या अर्थाने वेगळे असते, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे केला आहे. विषय क्रीडांगणावरील असला तरी प्रश्न भाषाशास्त्राचे आहेत, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल अशी आशा आहे.

२

प्रथम ह्या लेखाचे बाह्य स्वरूप पाहू. एकाखाली एक अशा दोन ओळी असतात; प्रत्येक ओळीच्या आरंभी खेळाडूचे नाव असते. नावापुढे संपलेल्या सेटमधील गेमांच्या संख्या, नंतर चालू सेटमधील गेमांची संख्या व अखेरीस चालू गेममधील गुण अशा क्रमाने रकाने मांडलेले असतात. दोहोंपैकी एका नावाशेजारी एक लहानसा ठिपका असतो. सर्व्हिस कोणाची आहे हे तो दाखवितो. एवढ्या सामग्रीवर संपूर्ण सामन्याचे निवेदन चालते.

ह्या रकान्यांतील संबंध बेरजेचा नसून रचनेचा आहे. किमान चार गुण व प्रतिस्पर्ध्यापेक्षा दोन गुणांची आघाडी मिळून एक गेम होतो. सहा गेम व दोन गेमांची आघाडी मिळून एक सेट होतो, आणि ६-६ अशी बरोबरी झाल्यास टायब्रेकरने निर्णय लागतो. तीनपैकी दोन किंवा पाचपैकी तीन सेट मिळून सामना होतो. वर्णांपासून शब्द, शब्दांपासून पदबंध व पदबंधांपासून वाक्य अशी जी चढती श्रेणी भाषेत आपण मानतो, तिच्याशी ह्या रचनेचे साम्य उघड आहे. वर्णाला जसा स्वतःचा अर्थ नसतो, पण अर्थभेद करण्याचे सामर्थ्य असते, तसेच एकट्या गुणाचे आहे. तो कोणत्या गेममध्ये व कोणत्या क्षणी मिळाला ह्यावर त्याचे मोल ठरते.

गुणांची नावेही लक्षात घेण्यासारखी आहेत. पंधरा, तीस, चाळीस ही नावे दिसतात संख्यांसारखी, परंतु कार्याच्या दृष्टीने त्या संख्या नाहीत. पंधरापासून तीसपर्यंतचे अंतर आणि तीसपासून चाळीसपर्यंतचे अंतर खेळात सारखेच मोजले जाते. मध्ययुगीन फ्रान्समधील तळहाताने चेंडू मारण्याच्या खेळातून पंधरा-पंधरांची ही मोजणी आली. पूर्वीचे पंचेचाळीस पुढे उच्चाराच्या सोयीने चाळीस झाले असे सामान्यतः मानले जाते. ‘ड्यूस’ ह्या संज्ञेचे मूळ ‘दोन’ ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. जिंकण्यासाठी आणखी दोन गुण हवेत, हा त्यातील आशय. ‘लव्ह’ ह्या संज्ञेच्या व्युत्पत्तीविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही. तात्पर्य, ही अंकांच्या वेषातील नावे आहेत. टायब्रेकर सुरू होताच हा वेष उतरविला जातो. तेथे गुण एक, दोन, तीन असे साध्या संख्यांनी मोजले जातात, आणि एरवी ‘लव्ह’ म्हणणारे पंच तेथे ‘झीरो’ म्हणतात. एकाच सामन्यात, एकाच पंचाच्या मुखी, एकाच अर्थाला प्रसंगपरत्वे दोन शब्द योजले जावेत, हे कोणत्याही भाषिक समाजात आढळणाऱ्या प्रसंगनिष्ठ शब्दनिवडीचेच उदाहरण होय.

३

टेनिसचा गुण तीन ठिकाणी व तीन रीतींनी व्यक्त होतो. पंच तो उच्चारतो, फलक तो दाखवितो, आणि वृत्तपत्र तो छापते. ह्या तिन्ही रीतींत आकड्यांचा क्रम निरनिराळ्या तत्त्वावर ठरतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पंच गेममधील गुण पुकारताना सर्व्हिस करणाऱ्याचा गुण आधी सांगतो. त्यामुळे ‘पंधरा-तीस’ हे वचन ऐकून कोण पुढे आहे हे कळत नाही. सर्व्हिस कोणाची आहे हे ठाऊक असल्यावरच ते कळते. ‘मी’ आणि ‘तू’ ही सर्वनामे जशी बोलणारा बदलताच निराळ्या व्यक्तीकडे निर्देश करू लागतात, तसे हे वचन गेम बदलताच निराळ्या खेळाडूकडे निर्देश करू लागते. रोमान याकोबसन ह्यांनी १९५७ साली ज्या प्रसंगसापेक्ष भाषिक घटकांचे विवेचन केले, त्यांच्या वर्गात पंचाची ही पुकार निःशंकपणे बसविता येईल. वृत्तपत्रातील निकालाचे तत्त्व ह्याच्या अगदी उलट आहे. तेथे प्रत्येक सेटमध्ये विजेत्याचा आकडा आधी येतो, मग तो सेट त्याने गमावलेला का असेना. ‘६-४, ३-६, ७-५’ ही ओळ सामना संपल्यावरच लिहिता येते, कारण तिचा कर्ता कोण हे अखेरच्या गुणापर्यंत ठरलेले नसते. ती संपूर्ण भूतकाळाची भाषा आहे.

थेट गुणफलक ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्यातील नावांचा क्रम आरंभी ठरतो व शेवटपर्यंत तसाच राहतो. तो सर्व्हिसनुसार फिरत नाही, आणि विजयाची वाटही पाहत नाही. पंचाच्या पुकारीतील प्रसंगसापेक्षता त्याने एका ठिपक्यात साठविली आहे. हा ठिपका फलकावरील सर्वांत लहान चिन्ह असून अनेक प्रसंगी सर्वांत महत्त्वाचे चिन्ह असतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

समजा, एका सेटमध्ये ‘अ’ हा खेळाडू ‘ब’च्या विरुद्ध ४-३ असा पुढे आहे. ठिपका ‘ब’च्या नावाशेजारी असेल, तर आजवर ‘अ’ने चार व ‘ब’ने तीन गेमांत सर्व्हिस केली आहे. एकूण हिशेबात कोणीही प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर अधिक काही मिळविलेले नाही. ‘ब’ने आपला गेम राखला की ४-४ होणार. ४-३ ही आघाडी येथे केवळ क्रमाने आलेली, दिसण्यापुरती आहे. ठिपका ‘अ’च्या नावाशेजारी असेल, तर मात्र ‘अ’ने तीनच गेमांत सर्व्हिस केली असून गेम चार जिंकले आहेत. अर्थात त्याने प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस एकदा अधिक भेदली आहे, आणि ती आघाडी खरी आहे. आकडे तेच, नावे तीच. फरक एका ठिपक्याचा, आणि अर्थ सर्वस्वी भिन्न. ‘पाट’ व ‘पाठ’ ह्या शब्दांत केवळ महाप्राणत्वाच्या भेदाने जे घडते, तेच येथे ठिपक्याच्या जागेने घडते. ज्या फलकांवर हा ठिपका फिकट रंगाचा अथवा अतिसूक्ष्म असतो, ते फलक आपल्या भाषेतील एक भेदक घटक अस्पष्ट उच्चारतात असे म्हटले पाहिजे. हा दोष सजावटीचा समजून सोडून देण्यासारखा नाही.

ह्याच्या उलट प्रकारही आढळतो. ‘तीस-तीस’ व ‘ड्यूस’ ही दोन भिन्न चिन्हे आहेत. परंतु जेथे दोन गुणांच्या आघाडीचा नियम लागू आहे तेथे दोहोंचे मूल्य एकच आहे, कारण दोन्ही स्थितींत गेम जिंकण्यासाठी आघाडी दोन गुणांचीच लागते. ‘चाळीस-तीस’ व सर्व्हिस करणाऱ्याचा ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ह्यांचेही तसेच. व्यावसायिक दौऱ्यांवरील दुहेरीच्या सामन्यांत जेथे ड्यूसनंतर एकाच गुणावर निर्णय लागतो, तेथे हे समानार्थित्व नाहीसे होते. अशा रीतीने ह्या इवल्या भाषेत अनेकार्थकता आहे व समानार्थकताही आहे, आणि बोलीनुसार तिची मूल्ये बदलतातही.

४

मराठी वाचकाचा गुणफलकाशी पहिला परिचय बहुधा क्रिकेटच्या धावफलकातून झालेला असतो. त्या परिचयाने घडलेली दृष्टी टेनिसच्या फलकाकडे वळविली की काही गैरसमज अटळ होतात. क्रिकेटच्या धावा साठत जातात. पहिल्या षटकात काढलेली धाव शेवटच्या षटकापर्यंत हिशेबात राहते. टेनिसमध्ये प्रत्येक गेमनंतर जुने खाते बंद होते. चार गुणांच्या जागी एखाद्याने वीस गुण खर्ची घालून गेम जिंकला, तरी त्याच्या नावे एकच गेम लागतो, आणि हरणाऱ्याने मिळविलेले अठरा गुण कोठेही जमा होत नाहीत.

ह्याचा परिणाम किती दूरवर जातो हे दोन प्रसिद्ध सामन्यांवरून दिसते. २०१० च्या विम्बल्डन स्पर्धेत जॉन इस्नर व निकोलस माहू ह्यांचा सामना २२ ते २४ जून असे तीन दिवस मिळून ११ तास ५ मिनिटे चालला, आणि इस्नरने तो ६-४, ३-६, ६-७, ७-६, ७०-६८ असा जिंकला. ह्या सामन्यात एकूण ९८० गुण खेळले गेले. त्यांपैकी ५०२ गुण माहूने मिळविले होते व ४७८ इस्नरने. म्हणजे पराभूत खेळाडूचे गुण २४ ने अधिक होते. २०१९ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात रॉजर फेडररने २१८ गुण मिळविले, तर नोव्हाक जोकोविचने २०४. गेमही फेडररने ३६ जिंकले व जोकोविचने ३२. तरी ७-६, १-६, ७-६, ४-६, १३-१२ असा विजय जोकोविचचा झाला. बेरजेच्या दृष्टीने पाहणाऱ्याला ह्यात अन्याय दिसेल. रचनेच्या दृष्टीने पाहणाऱ्याला त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही; अधिक शब्द वापरले म्हणून वाक्य अधिक अर्थपूर्ण होत नाही.

इस्नर-माहू सामन्याने आणखी एक गोष्ट उघड केली. पाचव्या सेटमध्ये ४७-४७ अशी स्थिती झाली तेव्हा मैदानावरील विद्युत्फलक तेथेच थबकला व पुढे बंद पडला. त्याहून मोठी संख्या दाखविण्याची योजनाच त्यात केलेली नव्हती. स्पर्धेच्या संकेतस्थळावरील फलक ५०-५० नंतर पुन्हा शून्यापासून सुरू झाला, आणि वाचकांनी त्यात पन्नास मिळवून वाचावे अशी सूचना द्यावी लागली. पंचांची पुकार मात्र कोठेही अडली नाही. व्याकरणाचे नियम मर्यादित असले तरी त्यांतून निघणाऱ्या वाक्यांच्या लांबीला तत्त्वतः मर्यादा नसते, हा आधुनिक भाषाशास्त्राचा एक मूलभूत सिद्धान्त आहे. त्याचे ह्याहून बोलके प्रात्यक्षिक मिळणे कठीण. फलक करणाऱ्यांनी आजवर बोलल्या गेलेल्या वाक्यांवरून भाषेची सीमा ठरविली होती. भाषेने ती ओलांडली. पुढे नियमच बदलले. विम्बल्डनने २०१९ पासून अखेरच्या सेटमध्ये १२-१२ वर टायब्रेकर आणला, आणि २०२२ पासून चारही प्रमुख स्पर्धांनी अखेरच्या सेटमध्ये ६-६ नंतर दहा गुणांच्या टायब्रेकरची पद्धत स्वीकारली. तरी गेमच्या पातळीवर ती अमर्यादता अद्याप शिल्लक आहे. १९७५ साली इंग्लंडमधील सरे परगण्याच्या एका स्पर्धेत एकच गेम ऐंशी गुणांपर्यंत लांबला होता व त्यात ड्यूस सदतीस वेळा झाला होता.

५

सदतिसाव्या ड्यूसच्या वेळी फलकावर जे चिन्ह असते तेच पहिल्या ड्यूसच्या वेळीही असते. चिन्ह आपला इतिहास सांगत नाही. येथे फेर्दिनां द सोस्यूर ह्यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील बुद्धिबळाच्या दृष्टान्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. बुद्धिबळाच्या पटावरील कोणतीही स्थिती समजून घेण्यास ती कोणत्या चालींनी आली हे जाणण्याची आवश्यकता नसते. आरंभापासून डाव पाहणारा व मध्येच येऊन पट न्याहाळणारा ह्यांना ती सारखीच वाचता येते. भाषेची एककालिक अवस्था तशीच, असे सोस्यूर ह्यांचे प्रतिपादन होते. थेट गुणफलक हा ह्या मताचा उत्तम पाठपुरावा करतो असे प्रथमदर्शनी वाटते. कोणीही कोणत्याही क्षणी फलक उघडावा. सामन्याची त्या क्षणीची स्थिती तेथे पूर्णपणे हजर असते.

परंतु ह्यावर एक आक्षेप येतो, आणि तो विचारात घेतला पाहिजे. फलक जर केवळ स्थिती दाखवितो, तर त्याचा सतत मागोवा घेण्याचे प्रयोजन काय? अखेरचा निकाल पाहिला म्हणजे पुरे. मधल्या सर्व स्थिती त्या निकालात विलीन झालेल्याच असतात. क्रीडारसिकांपैकी अनेकांचे मत असेच असते, आणि सामना न पाहता आकड्यांवर डोळे लावून बसणे त्यांना पोकळ वाटते.

ह्या आक्षेपाचे उत्तर मराठी व्याकरणाच्या एका परिचित संज्ञेच्या आधारे देता येते. आपल्या वैयाकरणांनी क्रियापदाचे अर्थ चार मानले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ. घडलेल्या अथवा घडणाऱ्या गोष्टीचे सरळ विधान तो स्वार्थ. एक गोष्ट घडली असती तर दुसरी घडली असती अशी अट जेथे असते तो संकेतार्थ. छापील निकाल स्वार्थात बोलतो. थेट गुणफलक मात्र प्रत्येक क्षणी अटीच्या भाषेत बोलत असतो.

२०१९ च्या त्याच अंतिम सामन्याचा छापील निकाल पुन्हा पाहावा. टायब्रेकरमधील पराभूताचे गुण कंसात देण्याच्या पद्धतीने तो ७-६ (५), १-६, ७-६ (४), ४-६, १३-१२ (३) असा लिहिला जातो. ही ओळ पुष्कळ काही सांगते. जोकोविचने जिंकलेले तिन्ही सेट टायब्रेकरने जिंकले, हे त्यातून कळते. प्रत्येक टायब्रेकरमध्ये फेडररचा गुण एकेकाने घटत गेला, हेही कळते. परंतु पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ असा पुढे होता, ठिपका त्याच्या नावाशेजारी होता, आणि त्या गेममध्ये गुण ४०-१५ असे होते, हे त्या ओळीत कोठेही नाही. त्या क्षणी फलक जे सांगत होता ते असे : पुढील दोहोंपैकी एक गुण फेडररला मिळेल, तर सामना संपेल. दोन्ही गुण जोकोविचने घेतले व पुढे तो गेमही जिंकला. त्याबरोबर ‘मिळेल तर’ ह्याचे ‘मिळाला असता तर’ झाले. खुली अट संकेतार्थात परिणत झाली. निकालाच्या ओळीत ह्या घडामोडीला जागा नाही, कारण निकाल घडलेल्याची नोंद करतो आणि येथे प्रश्न न घडलेल्याचा आहे. त्या दोन गुणांचे अस्तित्व ज्या एका लेखाने, त्याच्या स्वतःच्या भाषेत व त्याच क्षणी नोंदविले, तो लेख थेट गुणफलक होय. आणि पुढच्या क्षणी त्यानेच ती नोंद पुसली.

मागोवा घेणाऱ्या वाचकाचे कार्य येथे स्पष्ट होते. फलकाला स्मृती नसते. ती वाचकाला पुरवावी लागते. एका स्थितीवरून दुसरीकडे जाताना कोणती शक्यता नाहीशी झाली हे जो ध्यानात ठेवतो, त्याच्यापुरताच तो सामना सामना राहतो. सोस्यूर ह्यांचा दृष्टान्त म्हणून टेनिसला अर्धाच लागू पडतो. स्थिती समजण्यास इतिहास लागत नाही हे खरे. तिचे मोल जाणवण्यास मात्र तो लागतो.

६

ह्या निकषावर आजच्या फलकांचे परीक्षण केले असता काही गोष्टी खटकतात. अनेक फलकांवर आता गुणांच्या जोडीला प्रत्येक खेळाडूच्या विजयाची शक्यता शेकड्यात दाखविण्याची प्रथा पडली आहे. वरवर पाहता ही संकेतार्थाचीच सेवा वाटेल. वस्तुतः तिने संकेतार्थाचा स्वार्थ केला आहे. ‘हा गुण मिळाला तर गेम, हा गेम मिळाला तर सेट’ ही अटींची साखळी वाचकाने स्वतः उलगडावयाची असते, आणि त्या उलगडण्यातच वाचनाचा आनंद आहे. शेकड्याचा आकडा ती साखळी गुंडाळून तिच्या जागी एक तयार विधान ठेवतो. शिवाय तो खेळाच्या भाषेतील शब्दच नव्हे. पंच तो कधी उच्चारीत नाही व नियमांच्या पुस्तकातही त्याला स्थान नाही. संहितेच्या ओळींत भाष्यकाराने आपली वाक्ये घुसडावीत तसे हे झाले. भाष्य असू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ते समासात असावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘थेट’ ह्या विशेषणाने फलक वर्तमानकाळाचे अभिवचन देतो. प्रत्यक्षात गुण घडणे, खुर्चीवरील पंचाने तो हातातील उपकरणावर नोंदविणे व तो वाचकापर्यंत पोहोचणे ह्यांत काही काळ जातोच. वाचकाच्या दृष्टीने हा काळ नगण्य असतो. प्रत्येक गुणावर पैजा लावणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो मोलाचा आहे, कारण त्या अवधीत घडून गेलेली गोष्ट अद्याप घडावयाची आहे अशा समजुतीने व्यवहार चालू असतो. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेच्या वेळी मेलबर्न येथे मैदानावरून गुण परस्पर कळविल्याच्या आरोपावरून एका ब्रिटिश नागरिकास अटक झाली होती. पुढे तो आरोप मागे घेण्यात आला. २०१६ साली ह्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट वृत्तपत्रांतून पुढे आली. कनिष्ठ पातळीवरील स्पर्धांतील काही पंच गुणाची नोंद हेतुपुरस्सर उशिरा करतात असे आरोप झाले. त्याच वर्षी टेनिसच्या नियामक संस्थांनी एक स्वतंत्र मंडळ नेमले, आणि त्या मंडळाने २०१८ च्या डिसेंबरातील आपल्या अंतिम अहवालात सर्वांत खालच्या पातळीवरील आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे अधिकृत थेट गुणांकन विकणे थांबवावे अशी शिफारस केली.

नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवला, तरी ह्यातील भाषिक प्रश्न उरतोच. बोलणारा व ऐकणारा एकाच वर्तमानात आहेत ह्या विश्वासावर ‘आता’ ह्या शब्दाचा अर्थ अवलंबून असतो. तो विश्वास मोडला की विधान खोटे ठरत नाही, पण त्याचा काळ खोटा ठरतो. ४०-१५ हा गुण खराच होता. परंतु तो ‘आहे’ म्हणून सांगितला गेला तेव्हा ‘होता’ झालेला होता. चिन्हात काडीचाही बदल न करता केवळ उच्चाराचा क्षण लांबवून लबाडी करता येते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी दृष्टीआड करू नये.

७

शेवटी मराठीपुरते काही सांगणे अवश्य आहे. थेट गुणफलक आपल्यापर्यंत बहुधा इंग्रजीतूनच येतो; त्याचे निवेदन मात्र मराठी क्रीडावृत्तांतून झालेले आहे, आणि ह्या वृत्तलेखनाने फार चांगली शब्दसंपत्ती घडविली आहे. ‘सर्व्हिस भेदणे’ हा वाक्प्रचार घ्यावा. इंग्रजीतील मूळ क्रियापदाचा अर्थ नुसता मोडणे असा आहे. मराठीने ‘भेदणे’ हे क्रियापद योजले, आणि त्याबरोबर व्यूह, तट, लक्ष्य ह्यांचा परिसर त्या कृतीभोवती उभा राहिला. सर्व्हिस ही राखावयाची जागा आहे, तिच्यात शिरकाव करणे हे पराक्रमाचे काम आहे, हा टेनिसच्या रचनेतील मध्यवर्ती आशय ह्या एका क्रियापदाने नेमका पकडला आहे. परतविता न येणाऱ्या सर्व्हिसला ‘बिनतोड’ म्हणण्यातही तीच मार्मिकता आहे; वादातील बिनतोड युक्तिवादाशी तिचे नाते सहज जुळते. फलक जे ठिपक्याने सुचवितो ते हे शब्द उघड करून सांगतात.

कंसातील आकड्याचे वाचनही मराठी वृत्तांतून अधिक सजगपणे व्हावयास हवे. २७ जानेवारी २०२४ रोजी रोहन बोपण्णाने मॅथ्यू एब्डनसह ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील पुरुष दुहेरीचे विजेतेपद वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मिळविले. त्या अंतिम सामन्याचा निकाल ७-६ (०), ७-५ असा होता. घाईने वाचणाऱ्याला ७-६ म्हणजे अटीतटीचा सेट वाटतो. कंसातील शून्य मात्र सांगते की, बारा गेमांपर्यंत चाललेली ती बरोबरी टायब्रेकरमध्ये पार ढासळली आणि प्रतिस्पर्ध्यांना तेथे एकही गुण मिळाला नाही. पाणिनीय परंपरेने लोपाला, म्हणजे न दिसणाऱ्या घटकाला, व्याकरणात कार्य करणारा घटक मानले. त्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ह्या शून्याचा अर्थ कळण्यास अडचण पडू नये. पुष्कळदा छापताना हा कंसच गाळला जातो, आणि त्याबरोबर सामन्याचा अर्धा अर्थ गळून पडतो.

एवढ्या विवेचनानंतर थेट गुणफलकाविषयी निर्णय द्यावयाचा तर तो असा देता येईल. निवेदनपद्धती म्हणून तो अत्यंत काटकसरी व तरीही समर्थ आहे. चेंडूचा वेग, वाऱ्याचा रोख, खेळाडूचे दुखरे पाऊल ह्यांतील काहीही तो सांगू शकत नाही, आणि सांगण्याचा आव आणीत नाही. हा त्याचा गुणच मानावा लागेल. त्याची खरी उणीव विस्मरणाची आहे, व ती त्याच्या घडणीतच असल्यामुळे अधिक आकडे ओतून भरून निघणारी नाही. ती भरून काढण्याचे काम दोघांचे आहे : फलक वाचणाऱ्याचे आणि दुसऱ्या दिवशीचा वृत्तान्त लिहिणाऱ्याचे. क्रीडावार्ताहराने निकालाच्या ओळीखाली एखादी तरी हुकलेली स्थिती, ठिपक्यासह, नोंदवावी : पाचवा सेट, ८-७, ४०-१५, सर्व्हिस फेडररची. एवढी एक ओळ जरी छापली गेली, तरी घडलेल्या निकालाशेजारी न घडलेला निकाल उभा राहील, आणि खेळ काय होता हे वाचकाला कळेल.